आत्याच्या वहीतली ‘मिडल वॉच’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांवर ज्या स्त्रियांनी काम केलं, त्यांच्याविषयीचं टिपण गेल्या अंकात आलं आणि पुणे परिसरातून पत्रं येऊ लागली. बहुतेक पत्रांत पत्र्याची एक ट्रंक आहे, एखादा फोटो आहे, अर्धवट भरलेली वही आहे. आणि सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच : त्या तिथं हातानं नेमकं काय करत होत्या? म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न (सदाशिव पेठ) : माझी आत्या १९४४-४५ मध्ये मुंबईत नौदलात होती. ‘मी समुद्रावर एकदाही गेले नाही’ असं ती सांगायची. पण तिच्या कागदावर ‘एच.एम.आय.एस. तलवार’ असं जहाजाचं नाव आहे. दोन्हीतलं खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं आहे. ‘तलवार’ हे तरंगणारं जहाज नव्हतं. तो कुलाब्यातला किनाऱ्यावरचा तळ होता आणि तिथं संदेशवहनाचं प्रशिक्षण दिलं जाई. नौदलात प्रत्येक माणूस कुठल्या तरी जहाजाच्या पटावर असावा लागे. त्यामुळे इमारतींनाही जहाजासारखं नाव देऊन त्यांचा पट ठेवत. ब्रिटिश खलाशी अशा तळाला ‘दगडी जहाज’ म्हणत. आपल्या जवळचं उदाहरण लोणावळ्याचं. आजचं ‘आय.एन.एस. शिवाजी’ १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘एच.एम.आय.एस. शिवाजी’ म्हणून सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, पण नावानं जहाजच.

नाव जहाजाचं म्हटल्यावर भाषाही जहाजाची. जमिनीला ‘डेक’, स्वयंपाकघराला ‘गॅली’, खोलीला ‘केबिन’ म्हणत, आणि फाटकाबाहेर पडलं की ‘किनाऱ्यावर गेलो’ असं म्हणत. आत्याच्या वहीत ‘वेंट अशोअर’ असं लिहिलेलं सापडलं, तर तिनं होडीतून प्रवास केला असा अर्थ लावू नका. बहुधा ती सुट्टीत शहरात गेली होती.

ती ज्या सेवेत होती तिचं नाव ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’, तोंडी ‘रिन्स’. १९४२ मध्ये ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया)’ उभी राहिली. तिच्या नौदल शाखेला १९४४ मध्ये हे नाव मिळालं. त्यामुळे एकाच स्त्रीच्या जुन्या कागदांवर ‘वॅक-आय’ आणि नव्या कागदांवर ‘रिन्स’ असू शकतं. त्या दोन वेगळ्या नोकऱ्या समजू नका. या स्त्रियांना बोटीवर पाठवायचंच नव्हतं. किनाऱ्यावरचं काम त्यांच्या हाती देऊन पुरुषांना जहाजांसाठी मोकळं करायचं, हा हेतू होता. ब्रिटनमध्ये ‘रेन्स’ची, म्हणजे तिथल्या नौदलातल्या स्त्रियांच्या सेवेची, भरती याच आवाहनावर चालली होती.

प्रश्न (कोथरूड) : आजीच्या वहीत ‘मिडल’, ‘फर्स्ट डॉग’ असे शब्द आहेत, आणि वेळा ‘२०००झेड’ अशा लिहिल्या आहेत. त्या वेळा आणि तारखा तिच्या पत्रांतल्या तारखांशी जुळत नाहीत.

उत्तर : नौदलाचा दिवस पहाऱ्यांत, म्हणजे ‘वॉच’मध्ये, वाटलेला असतो. रात्री बारा ते पहाटे चार मिडल, चार ते आठ मॉर्निंग, आठ ते बारा फोरनून, बारा ते चार आफ्टरनून. मग संध्याकाळचे चार तास मोडून दोन-दोन तासांचे दोन तुकडे केलेले, फर्स्ट डॉग आणि लास्ट डॉग. आणि रात्री आठ ते बारा फर्स्ट. चार-चार तासांचे सरळ सहा पहारे ठेवले असते तर प्रत्येक गटाच्या वाट्याला रोज तीच वेळ आली असती. तुकडे केल्यामुळे सात पहारे होतात आणि मध्यरात्रीची पाळी आपोआप फिरत राहते. किनाऱ्यावरच्या कार्यालयांत लांब पाळ्याही असत, पण नावं हीच राहिली. ‘फर्स्ट वॉच’ वाचून सकाळची पाळी समजू नका. ती रात्रीची असते.

आता घड्याळ. संदेशावरच्या चार आकड्यांमागचं अक्षर कालपट्टा सांगतं. झेड म्हणजे ग्रीनिच वेळ, ए म्हणजे तिच्यापुढं एक तास, बी म्हणजे दोन तास. ब्रिटनमध्ये युद्धकाळात उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढं असे, म्हणून तिकडच्या उन्हाळी संदेशांवर बी दिसतं. भारताचं घड्याळही १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत एक तास पुढं होतं, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच नव्हे तर साडेसहा तास पुढं. तुमची गाठ इथंच बसली आहे. १४ तारखेचे २०००झेड म्हणजे त्या वेळच्या भारतात १५ तारखेच्या पहाटेचे अडीच. आजी मिडल वॉचला बसून कागदावर आदल्या दिवसाची तारीख घालत होती आणि सकाळी घरच्या पत्रावर दुसऱ्या दिवसाची. आजच्या साडेपाच तासांनी हिशोब केलात तर एक तासाची चूक राहील.

प्रश्न (औंध) : माझी मावसआजी ‘सायफर’ला होती. वहीत चार-चार आकड्यांचे गट, मध्ये रिकाम्या चौकटी आणि समासात ‘करप्ट’ असे शेरे आहेत. हे काम कसं चालायचं, घरातल्या मुलांना समजेल असं सांगाल का?

उत्तर : सांगतो. सायफर म्हणजे संदेश गुप्त आकड्यांत बदलणं आणि आलेला पुन्हा उकलणं. मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा, कारण हे करून पाहिलं तरच कळतं.

पहिली पायरी शब्दकोशाची. एका जाड पुस्तकात प्रत्येक शब्दाला, वाक्यखंडाला, बंदराच्या नावाला चार आकडी क्रमांक दिलेला असतो. समजा संदेशातले तीन शब्द ३७४८, २०६५ आणि ९१५० झाले. एवढ्यावर संदेश पाठवला तर तोच शब्द दरवेळी तोच क्रमांक घेऊन येईल आणि शत्रू मोजून मोजून अर्थ लावेल. म्हणून दुसरी पायरी. आणखी एका पुस्तकात नुसत्या विस्कळीत आकड्यांची लांबच लांब कोष्टकं असतात. त्यातलं एक ठिकाण निवडायचं आणि तिथून पुढचे गट ओळीनं आपल्या गटांतून वजा करायचे, मात्र हातचा न घेता. प्रत्येक आकडा स्वतंत्र. तीनातून पाच जात नाहीत तर तेरातून पाच, म्हणजे आठ, आणि शेजारच्या घराला हात लावायचा नाही.

कोष्टकातले गट ५१९२, ०७३६, ४४८१ असे धरा. ३७४८ वजा ५१९२ म्हणजे ८६५६. २०६५ वजा ०७३६ म्हणजे २३३९. ९१५० वजा ४४८१ म्हणजे ५७७९. हवेतून जातात ते ८६५६, २३३९, ५७७९. पलीकडची मुलगी तेच कोष्टक त्याच ठिकाणी उघडते आणि हातचा न घेता मिळवते, की मूळ क्रमांक परत येतात. हातचा का नको? हातचा असता तर एका आकड्याची चूक शेजारच्या घरात शिरली असती. शिवाय हातच्याशिवायची बेरीज-वजाबाकी थकलेल्या डोक्यालाही एका सरळ रेषेत करता येते.

आता चुका, कारण वहीतले शेरे त्यांचेच आहेत. संदेश मोर्समध्ये येतो. मोर्समधल्या आकड्याला पाच ठोके असतात. चार म्हणजे चार टिंबं आणि एक रेघ, पाच म्हणजे पाच टिंबं. शेवटची रेघ खरखरीत बुडाली की चाराचे पाच होतात. अशी एका आकड्याची चूक एकाच गटाला बिघडवते. त्या जागी अर्थहीन शब्द निघतो, पुढचं सगळं ठीक राहतं. त्यावर ‘करप्ट’ लिहून पुढं जायचं.

पण अख्खा गटच ऐकायचा राहिला तर? वरच्या उदाहरणात २३३९ गळला आणि मोर्स घेणाऱ्यानं ८६५६ च्या मागं लगेच ५७७९ लिहिलं असं समजा. मग सायफरची मुलगी ५७७९ मध्ये ४४८१ ऐवजी ०७३६ मिळवते. उत्तर येतं ५४०५, आणि तिथून शेवटपर्यंत प्रत्येक शब्द चुकतो, कारण कोष्टक एका घरानं सरकलेलं असतं. म्हणून नियम असा की ऐकू आलं नाही तर जागा सोडायची. अंदाज करायचा नाही आणि गट जवळही आणायचे नाहीत. तुमच्या वहीतल्या रिकाम्या चौकटी म्हणजे आळस नव्हे, ती शिस्त आहे. संदेशाच्या डोक्यावर एकूण गटांची संख्या असते. हातातले गट मोजून ती जुळली नाही की आधी गळालेली जागा शोधायची, मग उकल सुरू करायची.

तिसरी चूक सगळ्यांत महागाची. कोष्टकात कुठून सुरुवात केली हे सांगणारा गट चुकीचा वाचला, तर पहिल्या शब्दापासून काहीच लागत नाही. पहिले तीन-चार शब्द निरर्थक निघाले की पुढं रेटत बसण्यात अर्थ नसतो. सुरुवातीचा गट पुन्हा पाहायचा.

आणि एक चूक अशी की जिचा पत्ताच लागत नाही : कोष्टकाचा तोच भाग दोन संदेशांना वापरणं. शत्रू एक संदेश दुसऱ्यातून वजा करतो, दोन्हीतलं कोष्टक एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतो तो दोन शब्दक्रमांकांमधला फरक. पुरेसे संदेश जमले की त्यातून वाट फुटते. जर्मन नौदलाच्या ‘बी-डीन्स्ट’ या विभागानं अटलांटिकच्या जहाजतांड्यांसाठी वापरलं जाणारं ‘नेव्हल सायफर क्रमांक ३’ वाचलं होतं. जून १९४३ मध्ये ते बदलावं लागलं. वाचलेल्या संदेशांच्या आधारे पाणबुड्या आधीच वाटेत जाऊन बसत. किनाऱ्यावरच्या टेबलाशी झालेल्या ढिलाईची किंमत समुद्रावरची माणसं देत होती. ‘बसल्या जागेचं काम’ म्हणून ज्या घरांत ही नोकरी हसण्यावारी नेली गेली, त्या घरांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

वहीत ‘टायपेक्स’ हा शब्द असेल तर ते पाच चक्रांचं ब्रिटिश सांकेतिक यंत्र. त्यात अक्षरं बदलण्याचं काम यंत्र करतं. माणसाच्या हाती राहतं ते चक्रांची निवड, त्यांचा क्रम आणि सुरुवातीची जागा त्या दिवसाच्या यादीप्रमाणे लावणं. तिथं एक चक्र उलटसुलट बसलं की संदेश गेला.

मुलांसाठी खेळ असा. एकानं वीस गटांचा संदेश वाचायचा, दुसऱ्यानं लिहून घ्यायचा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून. मग उकल. पहिल्या फेरीत हमखास एखादा गट गळतो. तो कुठं गळला हे शोधायला किती मिनिटं लागतात ते मोजा.

प्रश्न (खडकी) : आजी ‘प्लॉट’वर होती, नकाशावर जहाजं सरकवायची असं सांगतात. जहाज दिसत नसताना ते नकाशावर कुठं आहे हे कसं कळायचं?

उत्तर : बहुतेक वेळ हिशोबानं. जहाजांचे तांडे बिनतारी यंत्र बंद ठेवून चालत, कारण बोललं की ठावठिकाणा उघड होतो. म्हणून निघाल्याची वेळ, दिशा आणि वेग यांवरून ‘असायला हवं’ ते ठिकाण काढायचं. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. सात नॉटचा मंद तांडा एका चार तासांच्या पहाऱ्यात २८ सागरी मैल सरकतो. दहा नॉटचा दिवसात २४०. मुंबई ते एडन साधारण १,६५० सागरी मैल, म्हणजे दहा नॉटनं जवळजवळ सात दिवस. टेहळणी विमानाचा किंवा बंदराचा खरा निरोप आला की हिशोबाची खूण पुसून खरी खूण करायची, आणि पुढचा हिशोब तिथून.

नवख्या हातांची नेहमीची चूक अंतर मोजण्यात होते. समुद्री नकाशावर मैलांची वेगळी पट्टी शोधायची नसते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणून कर्कटक (डिव्हायडर) नकाशाच्या उभ्या कडेवर लावायचा, तोही ज्या पट्ट्यात जहाज आहे त्याच उंचीवर. वरच्या किंवा खालच्या आडव्या कडेवर लावला तर चूक, कारण रेखांशाचे मिनिट विषुववृत्तापासून दूर जाताना आखडत जातात. मुंबईच्या अक्षांशावर, १९ अंशांवर, रेखांशाचा मिनिट सागरी मैलापेक्षा साधारण साडेपाच टक्के लहान असतो. आडव्या कडेवर ‘शंभर’ मोजले की प्रत्यक्षात साडेचौऱ्याण्णवच. मदतीला निघालेलं विमान धुक्यात शोधत असताना साडेपाच मैल फार असतात.

या कामाचं सगळ्यांत उत्तम उदाहरण भारतातलं नाही, लिव्हरपूलचं आहे. पण तुमच्या आजीचं काम समजायला ते उपयोगी पडेल. तिथल्या डर्बी हाउसमध्ये १९४२ च्या सुरुवातीपासून कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली एक डावपेच कक्ष चाले. रेन्सनी तो चालवला. जमिनीवर लिनोलियमचा आखलेला पट, त्यावर दहा इंचांना एक सागरी मैल. कॅनव्हासच्या पडद्याआडून अधिकारी छोट्या फटीतून बघत, म्हणजे समुद्रावरून जेवढं दिसतं तेवढंच दिसे. प्रत्येक चाल दोन मिनिटांची. मुली जहाजांची वाट पांढऱ्या खडूनं काढत आणि पाणबुडीची हिरव्या खडूनं, कारण फटीतून हिरवा रंग दिसत नसे. तांड्याच्या आत शिरून हल्ला करणाऱ्या पाणबुडीला घेरण्याचा ‘रास्पबेरी’ हा डाव याच पटावर तयार झाला. त्याचं नाव जीन लेडलॉ या रेननं ठेवलं. जन्मात समुद्रावर न गेलेल्या विशीतल्या मुलींनी अनुभवी कप्तानांना पटावर हरवलं आणि ते कप्तान शिकून परत गेले. ‘किनाऱ्यावरची नोकरी’ हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो.

प्रश्न (शनिवार पेठ) : एका गटफोटोत काही बायका साडीत, काही स्कर्टमध्ये आहेत. बाह्यांवरच्या पट्ट्या फिकट दिसतात. हुद्दा कसा ओळखायचा?

उत्तर : साडी असो की स्कर्ट, दोन्ही गणवेशच. साडी दिसली म्हणून ‘ही पाहुणी असावी’ असं ठरवू नका. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये डेप्युटी डायरेक्टर मार्गारेट कूपर यांच्याबरोबर दोन महिन्यांच्या अभ्यासदौऱ्यावर ब्रिटनला गेल्या होत्या. रोसाइथ इथं काढलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे आणि त्यात त्या साडीत आहेत.

ब्रिटिश रेन्समध्ये अधिकाऱ्यांच्या पट्ट्या सोनेरी नसून निळ्या असत, आणि पुरुषांच्या पट्टीवर जिथं गोल वेढा असतो तिथं चौकटीचा शंकरपाळ्यासारखा आकार. काळ्या-पांढऱ्या फोटोत निळं फिकट दिसतं. एक पट्टी थर्ड ऑफिसरची, दोन सेकंडच्या, अडीच फर्स्टच्या, तीन चीफ ऑफिसरच्या. इथं भल्याभल्यांचा घोटाळा होतो, कारण थर्ड ऑफिसर सर्वांत कनिष्ठ असतो. पुरुषांच्या हुद्द्यांत तो सब-लेफ्टनंटच्या बरोबरीचा, सेकंड म्हणजे लेफ्टनंट, फर्स्ट म्हणजे लेफ्टनंट कमांडर, चीफ म्हणजे कमांडर. बाहीवर फुलीसारखी एकमेकांवर तिरपी निशाणं असतील तर काम दिव्या-झेंड्यांच्या संदेशांचं. पंख आणि वीज असेल तर बिनतारीचं.

प्रश्न (कर्वेनगर) : आजी शंभरीजवळ आहेत. विचारलं की ‘काही विशेष नाही, टायपिंग करायचो’ एवढंच म्हणतात. बोलतं कसं करायचं?

उत्तर : उशीर करू नका. १९४४ मध्ये अठराव्या वर्षी भरती झालेल्या मुलीचा जन्म १९२६ चा. यावरून काय ते समजा. न बोलण्याचं कारण बहुधा विसर नसतं, शपथ असते. त्यांच्याकडून गुप्ततेच्या कायद्याखाली सही घेतलेली असे, आणि कामाविषयी घरात बोलायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कवर, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याच्या केंद्रात, यंत्रं चालवणाऱ्या रेन्सनी १९७० च्या दशकापर्यंत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ब्लेचलीचं भारतातलं अंग दिल्लीला आनंद पर्वतावर होतं, हे आता उघड आहे. तेव्हा पहिलं वाक्य हे म्हणा : ‘आजी, हे सगळं आता पुस्तकांत छापून आलंय, सांगायला हरकत नाही.’

‘कसं वाटायचं?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा. आधी हातांचं विचारा. टेबलावर उजवीकडं काय असायचं? कागद कुठल्या रंगाचा? चूक सापडली तर कुणाला सांगायचं? पहारा बदलताना पुढचीला काय हवाली करायचं? खुर्चीत बसून डोळे मिटले की हात आपोआप त्या हालचाली करू लागतात आणि मागून शब्द येतात. जमल्यास मोर्सचा आवाज ऐकवा. आकडे किंवा तारखा चुकल्या तर त्यांना अडवू नका, समासात टिपा. मध्ये दुरुस्ती केली की बोलणं थांबतं.

सकाळी न्याहारीनंतर चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. फोन विमान मोडवर, त्यांच्या तोंडापासून एक-दीड फुटावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचे ठोके येणार नाहीत. पंखा बंद, ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर जितकी त्रास देते तितकं रस्त्यावरचं वाहनही देत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलची डब्ल्यूएव्ही फाइल तासाला अर्धा जीबीच्या थोडी वर होते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

प्रश्न (सातारा रस्ता) : ट्रंकेत पांढरी सुती गणवेशाची साडी, लोकरी कोट, सेवेचं प्रमाणपत्र आणि फोटोंचा अल्बम आहे. पावसाळ्यात वास मारतो. काय करावं?

उत्तर : पहिली गोष्ट, प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. दर महिन्याला कुणीतरी हे करून मग विचारतं आणि उत्तर ‘आता काही करता येत नाही’ हेच असतं. उष्णतेनं वितळलेला गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो. प्लॅस्टिक सोलायला गेलं की कागदच सोलला जातो. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडून डाग सोडते. कागद आम्लविरहित जाड कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. शाईच्या पेननं लिहिलेलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका, शाई पसरते. स्कॅन करताना ४०० डीपीआय, फोटो ६०० आणि काडेपेटीएवढे छोटे फोटो १,२००. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, नावं तिथंच असतात. काळ्या पानांच्या, कोपरे लावलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेल्या नंतरच्या अल्बममध्ये फोटो हलवले असतील तर मात्र ते हळूहळू बाहेर काढायला हवेत.

साडीला खळ असेल तर ती कसरीला आमंत्रण. कापड धड असेल तर साध्या थंड पाण्यात, सौम्य साबणानं, न पिळता, दोन-तीनदा पाणी बदलून खळ काढा. आधी किनारीच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा कापूस दाबून रंग उतरतो का पाहा. उतरला तर धुऊ नका. नीळ नको, ब्लीच तर मुळीच नको. टाचण्या आणि सुट्या पिना आधी काढा, गंजाचा डाग त्यांचाच असतो. मग धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी घडी दुसरीकडून मोडा, नाहीतर कापड घडीवरच चिरतं.

कोटाला कसर लागली असेल तर डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. त्या कापडाला टेकल्या की वास कायमचा राहतो आणि जुन्या प्लॅस्टिकची बटणं मऊ होऊन चिकटतात. कोट जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. घाई केली तर दमट हवेतलं पाणी थंड लोकरीवर जमतं आणि कसर गेली तरी बुरशी येते. पिशवी बंद असेल तर ते पाणी बाहेरच्या बाजूला राहतं. नंतर मऊ ब्रशनं अंडी-जाळी झाडा.

ट्रंक मृग लागायच्या आत एकदा आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एकदा, अशी वर्षातून दोनदा उघडा. सावलीत, उन्हात नाही. ट्रंक जमिनीवर न ठेवता दोन विटांवर आणि भिंतीपासून हातभर दूर. प्लॅस्टिकमध्ये कायमचं गुंडाळणं पावसाळ्यात सर्वांत वाईट.

प्रश्न (भोसरी) : आईचं एक गोल पदक आहे, काळपट पडलंय. चिंचेनं घासू का? आणि ते कशाबद्दल मिळालं?

उत्तर : चिंच नाही, राख नाही, पितळ चकाकवणारी पूडही नाही. घासण्यानं सर्वांत आधी राजाच्या चेहऱ्याचा उठाव जातो आणि खोबणीत अडकलेली पूड पुढं पांढरी-हिरवी होते. कोरड्या मऊ सुती कापडानं टिपा, एवढंच. हातमोजे घालून धरा. घामाचा ठसा धातूवर उमटतो.

३६ मिलिमीटर व्यासाचं, एका बाजूला मुकुटधारी सहावे जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल, तर ते ‘वॉर मेडल १९३९–४५’. फितीच्या मधोमध अरुंद लाल रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी, मग निळे पट्टे आणि कडांना रुंद लाल. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात २८ दिवसांची पूर्णवेळ सेवा एवढी अट होती, जागेची नव्हती. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ निळ्या-फिकट निळ्या फितीचं, पण त्याला तीन वर्षांची सेवा लागे. १९४४ मध्ये भरती झालेल्या स्त्रीच्या हिशोबात ते बसत नाही. कडेवर नाव कोरलेलं आहे का ते भिंगानं पाहा. नसलं तरी पदक खोटं समजू नका.

प्रश्न (निगडी) : सरकारी नोंदी शोधल्या, नाव सापडत नाही.

उत्तर : कुठलं नाव शोधलंत? आपल्याकडं लग्नात आडनाव बदलतं आणि त्या काळी पुष्कळदा पहिलं नावही बदलत. भरती कुमारिका असताना झाली असेल तर माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधल्या जागी, आणि इंग्रजीत आडनावाची सुचतील तेवढी स्पेलिंगं. ‘जोशी’चीच तीन-चार होतात. वडिलांचं नाव आडनावासारखं लिहिलेलंही आढळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर व्यक्तीऐवजी तळाचं नाव आणि ‘रिन्स’ घालून शोधा; व्यक्तीच्या नावाची फाइल क्वचित असते, भरती-बदलीच्या याद्यांच्या फाइली असतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांतही हाच मार्ग. सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची आडनावानं उघडते. खडकीची युद्धस्मशानभूमी त्यांच्याच देखरेखीखाली आहे.

पत्र लिहिताना मूळ कागद पाठवू नका, प्रत पाठवा. आणि त्यात सेवाक्रमांक घाला. तो बहुधा प्रमाणपत्रावर असतो, नाहीतर फोटोच्या मागं पेन्सिलीनं.